तळाचा पेपर

दिवाळीच्या सुटीत मास्तर मंडळी फराळावर ताव मारतात, असा एक गोड समज आहे. खरे म्हणजे सहामाहीचे पेपर उशाशी असतात. यंदाही माझा गठ्ठा कोनाड्यात पडून होता, आणि मी मात्र शेजारच्या अंगणात नाटकाची तालीम पाहत होतो. मंडईचे दिवस जवळ आले की वडशात असे संवाद गल्लोगल्ली ऐकू येतात. खलनायकाने पिस्तूल रोखले, टिकली फुटली, आणि पुढच्याच प्रवेशात न्यायाधीशाने निकाल देऊन टाकला!

मी हसलो, पण कडेला उभा असलेला माझा एक विद्यार्थी हसला नाही. रानात भरमार बंदुकीने माणूस गेला, त्या प्रकरणात त्याचा काका दोन वर्षे कोठडीत आहे. "रिपोर्ट नाही आला जी सर अजून," तो म्हणाला.

रायफलीच्या नळीत पीळदार खाचा असतात. त्यांचे ओरखडे गोळीवर उमटतात. जप्त बंदुकीतून दुसरी गोळी झाडून दोन्ही गोळ्या सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ताडून पाहतात. भरमार मात्र तोंडाकडून ठासायची, आतून गुळगुळीत. तिचे छर्रे सहसा धन्याचे नाव सांगत नाहीत. मग बंदूक चालती आहे का, दारूचे अंश कुठे सापडतात, असे धागे जुळवत बसायचे. राज्याची न्यायसहायक प्रयोगशाळा १९५८ साली मुंबईत निघाली, पुढे नागपुरातही झाली. पण असा जाणकार काही एका दिवसात घडत नाही. त्यात १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्याने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे. टप्प्याटप्प्याने का होईना, पुरावा वाढणार, गठ्ठाही वाढणार.

मास्तराला सुचणारे उपाय साधे. मिटलेल्या खटल्यांची पाकिटे आधी बाहेर काढावीत. नेमका प्रश्न विचारून तेवढीच वस्तू पाठवावी. कोठडीत कोणी ताटकळत असेल, त्याचे पाकीट वर ठेवावे. माणसे वाढवावी लागतीलच; पण आधी रांग नीट लावावी.

इतके शहाणपण मनातल्या मनात जगाला शिकवून मी घरी निघालो, तोच मागून आवाज आला, "सर, माझा पेपर तपासला का जी?"

मी उत्तर दिले नाही. घरी येऊन चकल्यांचे ताट बाजूला सारले आणि गठ्ठा तळापासून सोडला.