काम कुठे अडलं?

अंधेरीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी तिसऱ्या वर्षाला ‘प्रोफेशनल कम्युनिकेशन अँड एथिक्स’ शिकवते. नोटीस, अजेंडा, मिनिट्स, अहवाल, मुलाखत हे सगळं त्यात येतं. मुंबई विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमात तिसऱ्या ते सहाव्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्टही आहे. तीन-चार जणांचा ग्रुप, आठवड्यांचं नियोजन दाखवणारा गॅन्ट, पर्ट किंवा सीपीएम चार्ट आणि दर आठवड्याची प्रगती नोंदवायला लॉगबुक. प्रोजेक्ट मॅनेजमेंट हा स्वतंत्र विषय मात्र शेवटच्या वर्षी, तोही ऐच्छिक.

मुलं चार्ट सुरेख काढतात. पण सबमिशन आलं की लॉगबुकचे सगळे आठवडे एका रात्रीत, एकाच पेनाने भरले जातात. म्हणून प्रोजेक्टच्या गाईडशी बोलून मी मिटिंगचा धडा लॉगबुकला जोडला. वर्गात कल्पित कंपनीची मिटिंग घ्यायची नाही, आपल्याच प्रोजेक्टची घ्यायची. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढं मिनिट्समध्ये लिहायचं आणि पुढची मिटिंग तेच वाचून सुरू करायची.

चौघांचा एक ग्रुप सोसायटीच्या टाकीतलं पाणी मोजणारं यंत्र बनवत होता. प्रोग्रॅम बोरिवलीहून येणाऱ्या मुलीकडे, सेन्सर मुलुंडच्या मुलाकडे. तो मराठी माध्यमातून आलेला, चारचौघांत गप्प. मिनिट्समध्ये दर आठवड्याला एकच ओळ येई: ‘सेन्सरचं काम चालू आहे.’ एका मिटिंगमध्ये ती ओळ वाचून मुलीने विचारलं, “चालू म्हणजे? नेमकं अडलंय कुठे?” तो इंग्रजी शब्द शोधू लागला. मी म्हटलं, “अरे, मराठीत सांग.” मग त्याने नीट समजावलं: टाकीतला ओलावा सेन्सरवर धरतो, त्यामुळे आकडे चुकतात. ती लगेच म्हणाली, “मग तोवर मी हाताने आकडे घालून प्रोग्रॅम तपासते. तू फ्लोट स्विच लावून बघ.”

त्याच दिवशी मी त्यांना चार्ट पुन्हा काढायला लावला. चार्टच्या पद्धतींपैकी सीपीएम १९५७च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीत कारखान्यांच्या कामांसाठी घडली, तर पर्ट १९५८मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी. कोणतं काम रखडलं की सगळंच रखडतं, हे या दोन्ही पद्धती शोधतात. पण ते काम ज्याच्याकडे आहे त्याने तोंड उघडलं नाही, तर चार्टाला काहीच कळत नाही. हे चौघांना तेव्हा उमगलं. शेवटचं प्रेझेंटेशन मुलुंडच्या मुलानेच इंग्रजीत दिलं. सांगायला स्वतःचं काम होतं, त्यामुळे तो अडखळला तरी थांबला नाही.

संवाद आणि नियोजन हे विषय वेगवेगळ्या सेमिस्टरमध्ये ठेवून मुलं घडत नाहीत, असं मला मनापासून वाटतं. दोन्ही एकाच खऱ्या कामात शिकवायला हवेत आणि अडचण वेळेवर सांगणाऱ्याला त्याचे गुण मिळायला हवेत. व्हायवाला आता माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: काम कुठे अडलं आणि ते तुम्ही कोणाला, कधी सांगितलंत?