उसाच्या रानातील बाजार

मोका जिल्ह्यात जेथे एके काळी दृष्टी पोहोचेल तेथवर ऊस डोलत होता, तेथे २०११ साली बागातेलचा भव्य मॉल उघडला. पोर्ट लुईहून क्यूर्पिपकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत तो उभा आहे. शंभराहून अधिक दुकाने, उपाहारगृहे, चित्रपटगृह आणि मोटारी उभ्या करण्यासाठी विस्तीर्ण अंगण, असा त्याचा थाट आहे. त्याच्या आसपास कचेऱ्या, शाळा, इस्पितळ आणि टुमदार वसाहती वाढल्या, आणि पाहता पाहता मोक्याची गणना मॉरिशसमधील महागड्या उपनगरांत होऊ लागली.

हे स्थित्यंतर एका दिवसात झाले नाही. १९७५ सालच्या करारानुसार मॉरिशसच्या साखरेला युरोपात हमीचा भाव मिळत असे. २००६ ते २००९ या काळात तो भाव छत्तीस टक्क्यांनी उतरविण्यात आला आणि पुढे तो करारही संपुष्टात आला. १९७३ साली सात लाख टनांहून अधिक साखर काढणाऱ्या या बेटावर आज साखरेचे तीनच कारखाने उरले आहेत. उसापेक्षा जमिनीचेच मोल अधिक, हे मळेवाल्या कंपन्यांनी ओळखले. २००२ साली परदेशीयांना आलिशान बंगले विकण्याची योजना निघाली, २०१५ साली ‘स्मार्ट सिटी’ची योजना आली, आणि २०२० पासून तीन लाख पंचाहत्तर हजार डॉलरांचे घर घेणाऱ्या परदेशीयास येथे राहण्याचा परवाना मिळू लागला. डॉलरांत मोजल्या जाणाऱ्या घरांशेजारी रुपयांत मिळविणाऱ्या माणसाने जागा कशी घ्यावी, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही.

आता तो प्रश्न दुकानांच्या दारातच येऊन उभा राहिला आहे. सुपरमार्केटात दहा गल्ले मांडलेले असतात आणि चारांवरच माणसे बसलेली असतात. उपाहारगृहाच्या काचेवर ‘कामासाठी माणसे पाहिजेत’ अशी पाटी महिनोन्महिने तशीच राहते. रांगेत उभा असलेला गृहस्थ घड्याळाकडे पाहतो आणि शेजाऱ्यास म्हणतो, “हल्लीच्या मुलांना काम नको आहे.” शेजारी मान डोलावतो. असे निदान करावयास काहीच खर्च पडत नाही, म्हणूनच ते इतके लोकप्रिय आहे.

त्या गल्ल्यांपैकी एकावर बसणाऱ्या एका मराठी मुलीचा दिवस पाहिला म्हणजे या निदानातील उणेपणा कळतो. ती बेटाच्या नैर्ऋत्येकडील एका खेड्यात आजी आणि आईवडिलांसह राहते. तिचे पणजोबा त्याच भागातील मळ्यावर ऊस तोडीत असत. पहाटे उठून ती पहिली बस धरते, कात्र बोर्नला उतरून दुसरी बस धरते, आणि साडेआठच्या सुमारास मोक्याला पोहोचते. परतीच्या वाटेवर तर तिची खरी परीक्षा असते. दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे, आणि संध्याकाळी सात-साडेसातनंतर खेड्यांकडे जाणाऱ्या बसगाड्या विरळ होत जातात. मेट्रोने २०२२ साली क्यूर्पिप गाठले, पुढे एबेनलाही ती जोडली गेली. परंतु तिच्या गावाकडे रूळ गेलेले नाहीत. उशिराची पाळी असली म्हणजे तिचे वडील दिवसभराच्या श्रमानंतर एखाद्याची गाडी मागून कात्र बोर्नपर्यंत येतात. आठ तासांच्या नोकरीसाठी त्या घराचे बारा-तेरा तास खर्ची पडतात.

कामाजवळच एखादी खोली घ्यावी, असे तिच्या मनात येऊन गेले होते. तिने चौकशीही केली. मोक्याच्या नव्या वसाहतीतील भाडे ऐकून तिने पुन्हा तो विषय काढला नाही. राष्ट्रीय किमान वेतनाचा कायदा २०१८ साली अमलात आला, आणि जानेवारी २०२४ मध्ये ते वेतन महिना साडेसोळा हजार रुपये झाले. ही वाढ गरिबास निश्चितच उपकारक ठरली. परंतु त्याच काळात अन्नधान्य महागले आणि घरे तर त्याहूनही दूर गेली. पश्चिम किनाऱ्यावर तामारँ आणि रिव्हिएर न्वारकडेही हाच अनुभव येतो. ज्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या जमिनीवर घाम गाळला, त्यांच्या नातवंडांना तेथे घरापुरता तुकडाही परवडत नाही.

घरी आजीला या सगळ्याचे नवल वाटते. तिच्या तरुणपणी दुकान म्हटले म्हणजे गावातील चिनी माणसाचे ‘लाबुतिक’. लाकडी फळ्यांचे आणि पत्र्याचे ते दुकान असे. पुढे तांदूळ, डाळ, तेल, खारे मासे, घासलेट, आणि मागे दुकानदाराचे बिऱ्हाड. नवरा, बायको, मुले सारी दुकानात राबत. माणसे मिळत नाहीत अशी तक्रार तेथे कधी निघाली नाही, कारण दुकान आणि घर एकाच छपराखाली होते. गिऱ्हाइकही त्याच वाटेवरचे. ऊसतोडीचा हंगाम नसे तेव्हा मजुरांच्या हाती पैसा खेळत नसे. मग ‘कार्ने’ नावाच्या छोट्या वहीत उधारी मांडली जाई आणि हंगाम लागल्यावर ती फेडली जाई. त्या वहीने पुष्कळ चुली पेटत्या ठेवल्या. तिने पुष्कळांना कर्जातही बांधून ठेवले, हेही तितकेच खरे. म्हणून त्या काळाचे नुसते गोडवे गाण्यात अर्थ नाही. परंतु विकणारा, विकत घेणारा आणि पिकविणारा एकाच गावात राहत असत, ही त्या व्यवहाराची खरी बैठक होती. शहरांतही व्यापाराला विश्रांती असे. क्यूर्पिप, रोझ हिल, कात्र बोर्न येथील दुकाने गुरुवारी दुपारी आणि रविवारी दुपारी बंद करण्याची रीत होती. नव्या बाजाराला अशी दुपार ठाऊक नाही. सणाच्या सुटीच्या दिवशीही तो उघडा असतो, नव्हे, त्याच दिवशी त्याची गर्दी अधिक.

दुकानदारालाच सर्वस्वी दोषी धरणेही न्यायाचे होणार नाही. मॉलमधील छोटा व्यापारी जागेचे जबर भाडे भरतो. मॉल उघडा असेपर्यंत त्याला दुकान मिटता येत नाही. पगार वाढवावा तर मालाची किंमत वाढते, आणि किंमत वाढली की गिऱ्हाईक शेजारच्या मोठ्या दुकानाकडे वळते. शिवाय देशात तरुण माणसेच थोडी झाली आहेत. जन्माचे प्रमाण कित्येक वर्षे उतरत आले आहे आणि वृद्धांची संख्या वाढत आहे. शिकलेले तरुण एबेनच्या कचेऱ्यांत टेलिफोनच्या नोकऱ्या पत्करतात, कोणी प्रवासी जहाजांवर जातात, कोणी कॅनडाची वाट धरतात. जो मागे राहतो तोही पगारातून बसचा वेळ, थकवा आणि रात्रीची धास्ती वजा करून पाहतो. त्याचा हिशेब चुकीचा आहे असे म्हणता येत नाही.

‘माणसे मिळत नाहीत’ हे वाक्य या बेटावर नवे नाही. १ फेब्रुवारी १८३५ रोजी येथील गुलामगिरी नष्ट झाली. मुक्त झालेले लोक जुन्या मालकांच्या अटींवर राबणार नाहीत, हे मळेवाल्यांना अगोदरच कळून चुकले होते, आणि त्यांनी हेच वाक्य उच्चारले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून छत्तीस करारबद्ध मजूर पोर्ट लुईला उतरले. त्यांच्यामागून आलेल्यांची संख्या साडेचार लाखांवर गेली. मुंबई बंदरातून निघालेल्या जहाजांत कोकणातील माणसे होती, आणि येथील मराठी समाज हा त्यांचाच वंशविस्तार होय. महिना पाच रुपये वेतन आणि शिधा; एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचे वेतन कापले जाई. मळ्याबाहेर पाऊल टाकावयाचे तर जवळ कागद हवा. १८७१ साली आदोल्फ द प्लेविट्झ यांनी नऊ हजारांहून अधिक मजुरांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे नेला, तेव्हा कोठे शाही आयोग नेमला गेला आणि त्या हालअपेष्टांची दाद लागली. माणसांचा तुटवडा खरोखर नव्हता. देऊ केलेल्या वेतनावर आणि अटींवर येणाऱ्या माणसांचा तो तुटवडा होता. आजच्या रिकाम्या गल्ल्यांनाही हेच विवेचन पुष्कळ अंशी लागू पडते.

आज पुन्हा माणसे बाहेरून येत आहेत. कापडाच्या कारखान्यांत, बांधकामांवर, बेकऱ्यांत, आणि अलीकडे सुपरमार्केटांतही बांगला देश, नेपाळ, मादागास्कर आणि भारत येथील कामगार दिसू लागले आहेत. त्यांचा परवाना एका मालकाशी बांधलेला असतो. मालक बदलावयाचा तर पुन्हा सरकारी संमती हवी. बरेचसे सामायिक खोल्यांत राहतात. आजच्या कामगाराला कायद्याचे संरक्षण आहे, हातात टेलिफोन आहे, आणि परतीचे विमान काही तासांत घरी पोहोचविते. तेव्हाची आणि आताची स्थिती एकच आहे असे म्हणणे पूर्वजांच्या यातनांना कमी लेखण्यासारखे होईल. तथापि दोहोंतील साम्य नजरेआड करणे हेही त्यांना शोभणार नाही.

त्या मुलीच्या दुकानात मालाच्या पेट्या रचण्यासाठी नेपाळचा एक तरुण आला आहे. तो तिला ‘दिदी’ म्हणतो. काम शिकविता शिकविता तिने एकदा मोडक्या हिंदीत त्याला विचारले, “घरी कधी जाणार?”

“करार संपला की, दिदी,” तो म्हणाला.

रात्री जेवताना तिने ही गोष्ट घरी सांगितली. वडील काही बोलले नाहीत. आजीने मात्र पानातला घास तसाच ठेवून विचारले, “आणि तोवर त्याच्या आईने काय करायचं?” थोड्या वेळाने ती म्हणाली, “बाय, तुला सुटी असेल त्या रविवारी त्याला जेवायला घेऊन ये. वरणभात करू.”

तो रविवार यावयास पाच आठवडे लागले, कारण दोघांची सुटी एका दिवशी पडत नव्हती.

या पाळ्यांचा फटका आणखी एका ठिकाणी बसतो, आणि समाजाने तो गांभीर्याने ध्यानात घेतला पाहिजे. ती मुलगी पूर्वी शनिवारी दुपारी गावच्या बैठकेत मुलांना मराठी शिकवीत असे. ज्या बैठकांत मजुरांनी दिवसभराच्या कष्टानंतर दिव्याच्या उजेडात अक्षरे गिरविली, भजने म्हटली आणि एकमेकांची पत्रे वाचून दाखविली, त्या बैठकांनीच ही भाषा समुद्रापार जगविली. आता शनिवार हा दुकानाचा सर्वांत मोठा दिवस. तिची पाळी ठरली, वर्ग बंद पडला, आणि बारा मुले घरी बसली. गणेशचतुर्थीला देशभर सुटी असते, पण त्या दिवशीही गल्ल्यावर कोणाला तरी बसावेच लागते. विसर्जनाची मिरवणूक निघाली तेव्हा ती बसमध्ये होती. बैठकेला शिक्षक मिळत नाही आणि दुकानाला नोकर मिळत नाही, या दोन तक्रारी वरवर भिन्न दिसतात. वस्तुतः त्या एकाच माणसाच्या आटलेल्या वेळाविषयीच्या आहेत.

यावर उपाय नाहीत असे नाही. जेथे नवी वसाहत उभी राहते तेथे तिच्यात काम करणाऱ्यांसाठीही परवडणाऱ्या घरांचा एक वाटा राखून ठेवावा; सडका आणि दिवे यांच्याइतकीच तीही नगररचनेची आवश्यक बाब मानावी. मॉलमधील दुकानदारांनी एकत्र येऊन उशिराच्या पाळीसाठी गावोगाव सोडणारी गाडी ठेवावी. एकट्याला न झेपणारा हा खर्च पन्नासांना जड नाही. पाळीचे वेळापत्रक महिनाभर अगोदर ठरले तर माणूस आपल्या घराचा, सणाचा आणि बैठकेचा हिशेब करू शकतो. परदेशी कामगारास मालक बदलण्याची मोकळीक मिळाली तर वाईट मालकाला माणसे टिकविण्यासाठी चांगले व्हावे लागेल, आणि त्याचा लाभ स्थानिक कामगारांनाही होईल.

उरला तो गिऱ्हाइकाचा भाग. रांग लांबली म्हणून गल्ल्यावरील मुलीवर डाफरणे सोपे असते. परंतु जे गल्ले रिकामे आहेत त्यांची शिक्षा जी हजर राहिली तिला का व्हावी? आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढून आलेल्यांच्या वंशजांना हा प्रश्न इतरांपेक्षा लवकर सुचावा, अशी अपेक्षा अवाजवी नाही. २००६ साली तो घाट जागतिक वारसा म्हणून गणला गेला आणि दरवर्षी २ नोव्हेंबरला तेथे पुष्पांजली वाहिली जाते. त्याच भूमीवर आज करार करून आलेल्या परक्या मुलाला नावाने हाक मारणे, त्याच्या घरची विचारपूस करणे आणि सणाच्या दिवशी त्याच्यापुढे पान मांडणे, यानेही त्या पूर्वजांचे स्मरण घडते. आणि त्यासाठी वर्षभर थांबावे लागत नाही.