दिव्यामागून आलेले मासे

मेक्सिकोतल्या तुलुमच्या आसपास केव्ह डायव्हिंग करणाऱ्यांमध्ये एक वाद कायम धुमसत असतो. गुहेच्या तोंडापासून बरंच आत, जिथे सूर्यप्रकाशाचा मागमूस नाही, तिथे बाहेरचा एखादा टेट्रा मासा भेटला तर त्याला बाहेर आणायचं की राहू द्यायचं? मी बरीच वर्षं 'बाहेर आणायचं' या पक्षात होते, आणि तेही तावातावाने. आता नाही.

मासा बोटाएवढा, चंदेरी, चांगला डोळस. तो तिथे बहुतेक वेळा आपल्यामुळेच आलेला असतो. चुनखडीचं छत कोसळून इथे नैसर्गिक विहिरी तयार झाल्या आहेत, त्यांना सेनोते म्हणतात. त्यांच्या उजेडातल्या पाण्यात टेट्रांचे थवे असतात. डायव्हर आत निघाला की ते त्याच्या झोताच्या कडेकडेने सोबत येतात. इथलं हे भुयारांचं जाळं अवाढव्य आहे. २०१८ साली साक आक्तुन आणि दोस ओहोस या दोन प्रणाली जोडलेल्या आहेत हे कळलं, तेव्हा लांबी भरली ३४७ किलोमीटर. त्या काळोखात मासा सोडायचा आणि आपण वर येऊन टाको खायचे, हे मला पटत नसे. म्हणून परतताना झोत बाहेरच्या दिशेला धरून, हळूहळू फिन मारत त्यांना मागे आणायचा माझा खटाटोप चाले. थोडंफार जमायचं. नाही जमलं की चुटपुट लागायची.

मग एकदा टिफ्लाट्या बघत थांबले होते. ही इथली आंधळी कोळंबी, दिव्याखाली जवळजवळ आरपार दिसणारी. पुढचे बारीक पाय खडकावरचं काहीतरी खरवडून तोंडाकडे नेत होते, पोटात गाळाची गडद रेघ दिसत होती. मी आणखी निरखायला झोत तिच्यावर स्थिर केला आणि माझ्या खांद्यावरून एक टेट्रा झेपावला. कोळंबी गेली. ती जागची हललीसुद्धा नव्हती. डोळ्यांनी हेरून झडप घालणारं तिथे एरवी कोण असतं? मी तिला अक्षरशः ताटात वाढून दिली होती.

त्यानंतर माझं मत पालटलं, पण अर्धंच. मासा बाहेर आणायचाच, फक्त आता कणव म्हणून नव्हे, घुसखोर म्हणून. दयेची जागा हद्दपारीने घेतली, कृती तीच राहिली. कारणंही भक्कम वाटत होती. या गुहांमधल्या जीवांना अन्न बेताचंच मिळतं. 'ओश बेल हा' या इथल्याच भुयार-प्रणालीवरच्या २०१७ च्या संशोधनात दिसलं, की वरच्या जंगलाच्या मातीतून झिरपणाऱ्या मिथेनवर जीवाणू जगतात आणि कोळंबीच्या आहाराचा काही हिस्सा या जीवाणूंचा असतो. अशा काटकसरीच्या संसारात बाहेरचा खादाड पाहुणा कशाला?

पण जाळी घेऊन आत जाणं म्हणजे काय, ते करून बघितल्यावरच कळतं. माशामागे वळलात की फिनने तळाचा पिठासारखा गाळ उठतो आणि क्षणात स्वतःचा हातही दिसेनासा होतो. मग दोरीवर बोटं ठेवून चाचपडत बाहेर यायचं. एक तृतीयांश हवा जाताना, एक तृतीयांश येताना, उरलेली अडीअडचणीला, हा आमचा नियम. ती अडीअडचणीची हवा एका टेट्रापायी खर्च करणं हा शुद्ध वेडेपणा. वर छताला लवणस्तंभ लटकलेले. हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती, गुहा कोरड्या होत्या, तेव्हा ते थेंबाथेंबाने घडले. आता पाण्याखाली त्यांची वाढ थांबलेली आहे. सिलेंडर आपटून एखादा स्तंभ तुटला तो तुटलाच.

खरा पेच पुढेच पडला. मेक्सिकोच्याच ईशान्येला सिएरा दे एल आब्राच्या गुहांमध्ये आंधळे, फिकट गुलाबी टेट्रा राहतात. १९३६ साली त्यांचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं तेव्हा त्यांना थेट वेगळ्या वंशात बसवलं होतं. पुढे लक्षात आलं, की ते नदीतल्या डोळस टेट्राचेच भाऊबंद. दोघांची पिल्लंही होतात. कुएवा चिका या गुहेत तर डोळस, आंधळे आणि मधले असे सगळेच सापडले. म्हणजे तिथल्या आंधळ्या माशांचे पूर्वज कधी ना कधी असेच आत शिरलेले होते. तेव्हा तिथे कोणी जाळी घेऊन उभं असतं तर? आपल्याकडेही पाहा. इंडोरिओनेक्टेस इव्हेझार्डी हा लहानसा मासा १८७२ मध्ये पुण्याकडच्या नमुन्यांवरून नोंदवला गेला, आणि बस्तरच्या कोटमसर गुहेत त्याचीच फिकट, बारीक डोळ्यांची मंडळी नांदतात. मी पुण्याची असल्यामुळे हे वाचून उगाच जरा मिरवले, ते सोडा.

अर्थात पुराने आत नेलेला मासा आणि माझ्या टॉर्चने नेलेला मासा यांत फरक आहे. तो मी नाकारत नाही. पण इथेच मला उत्तर सापडलं. दिवा नसेल तर टेट्राचा जोर बराच कमी होतो. प्रयोगशाळेत अंधारात अन्न शोधायला लावलं, की गुहेतले मासे नदीतल्यांना सहज मागे टाकतात. कोळंबीला धोका होता तो टेट्रा आणि माझा झोत या जोडीचा, आणि त्या जोडीतला दुसरा भागीदार आवरणं माझ्या हातात आहे.

म्हणून आत भेटलेल्या टेट्राला मी आता हात लावत नाही. तोंडाशी थवा मागे लागला तर दिव्यावर हात धरून, तो पांगेपर्यंत थांबते. आत गेल्यावर अरुंद झोत वापरते आणि टेट्रा मागे असेल तर कोळंबीवरून झोत लगेच हलवते. फोटो चुकतात, चुकू देत. टिलापियाबद्दल मात्र माझं मत जुनंच आहे: माणसांनी बाहेरून आणून काही सेनोतेंत सोडलेला तो मासा जिथे सुरक्षितपणे पकडता येईल तिथे खुशाल पकडावा.

माझा डायव्हिंगचा जोडीदार अजूनही टेट्रांना बाहेर आणू बघतो. काळोखात मासा हळूहळू उपाशी मरेल त्याचं काय, असं विचारतो. मरेल कदाचित. तगेलही, २०२० च्या एका अभ्यासात नदीतले टेट्रा पूर्ण अंधारात वाढवले, तर त्यांची उपास काढायची ताकद वाढलेली दिसली. आमचं यावर एकमत होत नाही. तोंडाशी दिवा झाकायला मात्र तो आता कबूल झालाय.