पोटातला एलियन

एरवी मी इथे मधुमेह, रक्तदाब, ॲसिडिटी अशा विषयांवर लिहितो. आज थोडं माझ्या एका व्यसनाबद्दल. मला अंतराळात घडणारे भयपट फार आवडतात. बायको म्हणते, "दिवसभर दवाखान्यात रक्त बघता आणि रात्री पुन्हा तेच बघायला पैसे मोजता? कमाल आहे तुमची!" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देताना मला माझ्या एका मित्राबद्दल सांगावं लागेल.

आमची पिढी नारायण धारपांच्या कथा वाचून रात्री पांघरुणात तोंड खुपसणारी. पण आपल्याकडच्या भुतांचं एक बरं असतं. मुंजा पिंपळावर राहतो, हडळ विहिरीपाशी. तिकडे फिरकलं नाही की झालं. फिरकलोच तर रामनाम आहे, कंदील आहे, पळत सुटलं की गाव आहे.

१९९२ साली मेडिकलच्या होस्टेलवर आम्ही वर्गणी काढून भाड्याने व्हीसीआर आणला आणि रिडली स्कॉटचा 'एलियन' पाहिला. सिनेमा १९७९चा, आमच्यापर्यंत पोहोचायला तेरा वर्षं लागली. 'नॉस्ट्रोमो' नावाचं मालवाहू यान, त्यावर सात माणसं. एका अनोळखी ग्रहावर केन नावाच्या माणसाच्या तोंडाला एक जीव चिकटतो. काही वेळाने तो आपणहून गळून पडतो. केन शुद्धीवर येतो, त्याला कडकडून भूक लागते. सगळे हसतखेळत जेवायला बसतात. आणि जेवता जेवता त्याची छाती फाडून आतून काहीतरी बाहेर येतं.

खोलीत पंधरा मुलं होती. सगळी किंचाळली. एकाच्या हातातला चहा गादीवर सांडला. हसला फक्त एकजण. त्याला आम्ही 'काडी' म्हणायचो. उंच, हडकुळा, मेसमध्ये अर्धी पोळी खाऊन उठणारा. त्याने तो प्रसंग कॅसेट मागे घेऊन तीनदा लावायला लावला. आम्हाला वाटलं, पोरगं डेअरिंगबाज आहे.

आता अशा वेळी शरीरात काय होतं ते पाहू. पडद्यावर धोका दिसला की मेंदूतला अमिग्डाला हा भाग शहानिशा न करता घंटा वाजवतो. ॲड्रेनालिन रक्तात उतरतं. छाती धडधडते, बाहुल्या मोठ्या होतात, तळहात ओले होतात. 'रक्त गोठवणारी भीती' असं आपण म्हणतो, त्याचीही तपासणी झाली आहे. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी २४ तरुण स्वयंसेवकांना एक भयपट आणि एक माहितीपट दाखवून रक्त तपासलं. भयपटानंतर रक्त गोठायला मदत करणारा 'फॅक्टर ८' वाढलेला आढळला. प्रत्यक्षात गुठळी होण्याची प्रक्रिया मात्र सुरू झालेली नव्हती. म्हणजे शरीर जखमेची तयारी करून ठेवतं, जखम होत नाही.

मेंदूचा पुढचा भाग मात्र सतत सांगत असतो, 'अरे, तू गादीवर बसला आहेस, शेजारी मित्र आहेत.' या दोन आवाजांच्या मधल्या जागेत मजा असते. प्रसंग संपला की धडधड लगेच उतरत नाही, पण धोका टळल्याचं कळलेलं असतं. मग तीच धडधड आनंदासारखी वाटू लागते. भयपट संपल्यावर लोक इतके का हसतात, याचं हे एक कारण. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठाच्या अभ्यासकांनी भुताटकीच्या खेळघरात जाणाऱ्या लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले. भीती फार कमी वाटली तर मजा नाही, फार जास्त वाटली तरीही नाही. मजा मधल्या पट्ट्यात.

मग अंतराळच का? कारण तिथे आपले नेहमीचे सगळे उपाय संपतात. पळायला गाव नाही. निर्वात पोकळीत आवाज पोहोचत नाही, त्यामुळे ओरडून उपयोग नाही. यानाच्या भिंतीपलीकडे श्वासही नाही. १९६६ साली ह्यूस्टनमध्ये नासाच्या निर्वात कक्षात एका तंत्रज्ञाच्या सूटमधला दाब अचानक गेला, तर साधारण १४ सेकंदांत त्याची शुद्ध हरपली. जिभेवरची लाळ उकळत असल्याचं त्याला शेवटचं आठवत होतं. लगेच दाब पूर्ववत केल्यामुळे तो वाचला. अशा जागी धोका दाराबाहेर असेल तरी भागतं. पण 'एलियन'मध्ये तो यानाच्या आत येतो आणि त्याहून पुढे, माणसाच्या आत शिरतो. स्वतःच्या शरीरातून माणूस पळणार कुठे?

हे काडीला आमच्याआधी कळलेलं होतं.

इंटर्नशिपमध्ये एके रात्री तो पोट धरून कोसळला. आतड्याला अडथळा झाला होता, ऑपरेशन करावं लागलं. त्याआधी नऊ महिने तो आतड्याचा टीबी समजून टीबीची औषधं घेत होता आणि आम्हाला कुणालाही त्याने सांगितलं नव्हतं. शेवटी निदान झालं क्रोन्स डिसीजचं. यात आतड्याला वारंवार सूज येते, जखमा होतात, आतडं अरुंद होतं. टीबी आणि क्रोन्स दोन्ही बहुतेकदा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात घर करतात आणि बायोप्सीतही फरक ओळखणं अवघड जातं. आपल्याकडे टीबी जास्त असल्याने अशी गल्लत होते, त्यात कुणाचा हलगर्जीपणा असतोच असं नाही.

पण आमचं काय? आम्ही पंधरा होणारे डॉक्टर चार वर्षं त्याच्या शेजारी जेवलो आणि त्याच्या वजनावरून त्याला नाव ठेवून मोकळे झालो. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो तेव्हा मी त्याला म्हणालो, "अरे, बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "काय बोलणार? पोटात काहीतरी जिवंत आहे आणि ते आतून कुरतडतंय, असं सांगितलं असतं तर तुम्ही मला सायकियाट्रीत पाठवलं असतं. तो सिनेमा बघितला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे कुणालातरी माहीत आहे."

बऱ्याच वर्षांनी त्यानेच मला फोन करून सांगितलं, की 'एलियन'ची पटकथा लिहिणारे डॅन ओबॅनन यांनाही क्रोन्स होता. पोटातल्या त्या दुखण्यातून छाती फाडण्याचा प्रसंग सुचला, असं सांगितलं जातं. २००९च्या डिसेंबरमध्ये याच आजाराने ते गेले. काडी फोनवर थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बघ, माझं निदान तुमच्याआधी त्याने केलं होतं."

आता माझ्या ओपीडीत कुणी म्हणालं, "डॉक्टर, पोटात काहीतरी वळवळल्यासारखं वाटतं," तर मी पूर्वीसारखं "गॅस असेल" म्हणून चिठ्ठी लिहीत नाही. विचारतो, "नेमकं कसं वाटतं? तुम्हाला काय असेल असं वाटतं?" बहुतेक वेळा गॅसच निघतो. पण माणूस मनातली भीती बोलून दाखवतो आणि कधीकधी त्या बोलण्यात निदानाचा धागा सापडतो.

तुम्हालाही महिनोन्‌महिने पोटदुखी किंवा जुलाब असतील, वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, दुखण्याने रात्री झोपमोड होत असेल तर अंगावर काढू नका. आणि भयपटांबद्दल एवढंच सांगेन : लहान मुलांना दाखवू नका. पॅनिक अटॅक येत असतील किंवा हृदयाचा गंभीर आजार असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. झोपायच्या तोंडावर बघू नका. भीती नको इतकी वाढली तर बंद करा. रिमोट आपल्या हातात असतो, यातच तर सगळी मजा आहे. आजारात तो नसतो.

काडी आता बरा आहे. औषधं चालू आहेत, वजन सत्तर किलो. तरी आम्ही अजून त्याला काडीच म्हणतो, पण आता त्याच्या परवानगीने. दर दिवाळीत आम्ही दोघं 'एलियन' लावतो. केन जेवायला बसला की मी अजूनही उशी घट्ट धरतो. तो अजूनही हसतो.