खडूची धूळ

मुक्ता,

आजीच्या पेस्टलमधल्या चित्रावर रंग पक्का करायचा फिक्सेटिव्हचा फवारा मारलास आणि तिच्या गालावरचा उजेडच गेला, हे सांगताना परवा तुझा आवाज फुटला. ‘आता पेस्टल बास, ऑइलच बरं’ म्हणालीस. फोनवर बोलत बसले असते तर तुझ्या आईने मध्येच रिसीव्हर ओढला असता, म्हणून हे पत्र. तुला थालिया फ्लोरा-काराविया या ग्रीक चित्रकर्तीबद्दल सांगायचंय.

थालिया १८७१ची, सियातिस्ताची. उत्तर ग्रीसमधलं हे डोंगरातलं गाव तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होतं. लहानपणीच घर इस्तंबूलला हललं. तिथल्या झाप्पिओन या मुलींच्या ग्रीक शाळेत ती शिकली. चित्रकार व्हायचं तर म्युनिक गाठायचं, अशी तेव्हाच्या ग्रीकांची रीत. तीही गेली. पण तिथल्या अकादमीत मुलींना प्रवेश नव्हता; तो मिळाला थेट १९२०मध्ये. मग तिने खासगी स्टुडिओ धरले, निकोलाओस गिझिससारख्या तिथे स्थिरावलेल्या ग्रीक मास्तरांकडून धडे घेतले. पुढे पत्रकार निकोलाओस कारावियासशी लग्न झालं आणि अलेक्झांड्रिया घर झालं. नवरा तिथे ग्रीक वर्तमानपत्र चालवायचा. त्याचं नाव ‘एफिमेरिस’, म्हणजे वर्तमानपत्रच! मांजराचं नाव ‘मांजर’ ठेवल्यासारखं. थालियाने त्या शहरात चित्रकलेची शाळाही काढली. १९२६मध्ये कवाफीचं चित्र काढलं. तो कवी पाटबंधारे खात्यातला निवृत्त कारकून, आणि ती त्याच्या शहरातली शेजारीण म्हणायची.

पण मला आवडते ती थालिया वेगळी आहे. १९१२च्या शरदात बाल्कन युद्ध पेटलं, तेव्हा एक्केचाळिशीची ही बाई नवऱ्याच्या वर्तमानपत्राची बातमीदार म्हणून आघाडीकडे निघाली. मॅसिडोनिया, मग एपिरस. १९१३च्या मार्चमध्ये इओआनिना शहर ग्रीकांच्या हाती आलं, त्या मोहिमेतले सैनिक तिने कागदावर उतरवले. छावण्या, दवाखाने, जखमी. कोळसा, पेन्सिल आणि तुझे ते नावडते पेस्टलचे खडू.

विचार कर, तिथे ऑइल घेऊन काय केलं असतं? कॅनव्हास वाळायला दिवसच्या दिवस जातात. टर्पेंटाइन, पॅलेट, ब्रश हा सगळा संसार पाठीवर घेऊन कोण फिरणार? पेस्टल म्हणजे नुसती रंगाची पूड, वळून कांडी राहील इतकाच डिंक. वाळायची भानगडच नाही. कागदावर टेकवली की रंग झाला. समोरचा जखमी पोरगा कूस बदलायच्या आत त्याचा चेहरा हाती लागतो.

आता तुझ्या फवाऱ्याचं. पेस्टलचा रंग उजळ दिसतो, कारण कागदाच्या खडबडीत दाण्यांत अडकलेले कण मोकळे असतात आणि उजेड त्यांच्यावर विखुरतो. फवारा मारलास की कण ओले होऊन बसतात आणि रंग काळवंडतो. म्हणजे रंग पक्का करायला गेलीस आणि जे टिकवायचं तेच गेलं. तुझ्या मास्तरांनी हे आधी सांगायला हवं होतं, पण असो.

तिचं सगळंच मला आवडतं असं नाही हं. बैठकीच्या खोलीत टांगायला काढून घेतलेली तैलचित्रं मला जरा जास्तच शहाणी वाटतात. सभ्य चेहरे, नीट विंचरलेले केस. युद्धातली रेखाटनं तशी नाहीत. तिथे हाताला शहाणपण दाखवायला वेळच नव्हता. लोकांना पेस्टल बायकी, दिवाणखान्यातलं वाटायचं. हिने ते दवाखान्यातल्या खाटेपाशी नेलं. १९२१मध्ये ग्रीकांच्या आशिया मायनरच्या मोहिमेवर पुन्हा गेली. १९४०मध्ये अथेन्सला परतली आणि इटलीशी युद्ध सुरू झालं, तेव्हा सत्तरीला टेकलेल्या या बाईसमोर परत सैनिकच. बाल्कन युद्धातल्या आठवणींचं तिचं पुस्तक १९३६मध्ये आलं, युद्धानंतर जवळजवळ पाव शतकाने. १९६०मध्ये ती गेली.

तेव्हा आजीचं चित्र फाडू नकोस. काळवंडलेल्या गालावर पुन्हा खडू चढतो, फवाऱ्यानंतरही कागद थोडे दाणे शिल्लक ठेवतो. फिक्या पिवळ्यापासून सुरुवात कर, बोटाने घासू नकोस. फ्रेमवाल्याला सांग, काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंटची जाड पट्टी हवी. दिवाळीला येताना वर बटर पेपर घालून सपाट आण, गुंडाळी करू नकोस. आणि गाडीत खिडकीपाशी बसू नकोस.

तुझी,
मावशी