कोण आहे का आत?

मागच्या महिन्यात इचलकरंजीच्या चुलतबहिणीशी व्हिडिओवर बोलत होते. बोलता बोलता तिला माझ्या पाठीमागे पेटलेली शेगडी दिसली. ती म्हणाली, "अक्का, तू पाणी गाळून पितेस, दिवस मावळल्यावर जेवत नाहीस, आणि घरात लाकडं जाळतेस होय गं?"

तिने सहज विचारलं होतं. मी "थंडी फार असते गं" एवढंच म्हणून विषय बदलला. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, हे उत्तर खरं असलं तरी पुरं नाही. म्हणून आज सगळं लिहिते आहे.

आम्ही राहतो अमेरिकेच्या ईशान्येला, व्हरमाँट राज्यात. डिसेंबरात इथं दुपारी सव्वाचारच्या सुमारास दिवस मावळतो. रात्री पारा उणे १५, कधी उणे २० सेल्सिअसपर्यंत उतरतो. घर तापवायला तळघरात तेलाची भट्टी आहे. ती तेलावर चालते, पण तिचा पंखा आणि ठिणगी विजेवर. पहिल्याच हिवाळ्यात गारठलेल्या पावसाने झाडं तारांवर पडली आणि अडीच दिवस वीज गेली. टाकीत तेल होतं, पण भट्टी बंद. लेक तेव्हा आठ महिन्यांचा. त्याला कोटाच्या आत छातीशी बांधून आम्ही दोघं बसून राहिलो. श्वास घेतला की तोंडापुढे वाफ दिसायची, तीही घरात. त्यानंतर ह्यांनी बिडाची शेगडी आणली. बंद पेटीसारखी, पुढे काचेचं दार, वर धुराडं. वीज लागत नाही.

लाकडाचा विस्तव मला नवा नव्हता. आजोळी सांगलीकडे परसात तांब्याचा बंब होता. पहाटे तो पेटवणं आजीचं काम. जळण म्हणजे बाभळीचे तुकडे, तुरीच्या काट्या, शेणी. आजी प्रत्येक लाकूड उचलून दगडावर तीनदा आपटायची आणि वाकून विचारायची, "कोण हाय का आत?" आम्हा पोरींना हसू यायचं. कधी एखादी मुंगी, कधी वाळवी, एकदा तर विंचू निघाला होता. आजी ते लाकूड तसंच कुंपणाकडे नेऊन ठेवायची आणि दुसरं घ्यायची.

त्याच बंबापाशी तिने आम्हाला पार्श्वनाथांची गोष्ट सांगितली होती. तापसी अग्नी पेटवून तप करत बसलेला. कुमार पार्श्व तिथं येतात आणि सांगतात, या लाकडात जीव आहेत. तापसी ऐकत नाही. लाकूड फोडल्यावर आत नाग-नागिणीची जोडी, मरायला टेकलेली. ग्रंथागणिक तपशील थोडे बदलतात, पण मरताना त्यांच्या कानी धर्माचे शब्द पडले आणि ते धरणेंद्र-पद्मावती झाले, हे आपल्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं. आजी शेवटी म्हणायची, "तप करत होता, पर लाकडात बघितलं न्हाई."

इतकं ऐकून मोठी झालेली मी, दुसऱ्या हिवाळ्यात तेच केलं. न बघता.

जानेवारीची संध्याकाळ होती. बाहेरच्या ढिगातून चार ओंडके आणून मी शेगडीशेजारी रचून ठेवले होते, दोन दिवसांपासून. त्यातला एक जरा हलका लागला. हलका म्हणजे आतून कुजलेला, हे तेव्हा कळत नव्हतं. तो आत ठेवला, दार लावलं. थोड्या वेळाने काचेतून बघते तर लाकडाच्या भेगेतून मोठ्या काळ्या मुंग्या बाहेर येत होत्या. एक-दोन नव्हे, रांगच. इथल्या या मुंग्या ओलसर, कुजक्या लाकडात पोखरून घर करतात आणि हिवाळाभर त्यात निपचित पडून राहतात. घरातल्या उबेने त्या जाग्या झाल्या होत्या. आणि जाग्या होऊन बाहेर आल्या त्या विस्तवात.

मी दार उघडलं, जाड हातमोजे घालून ओंडका ओढून काढला आणि धूर सोडत तसाच दारातून बर्फात नेऊन टाकला. (असं कुणी करू नये. घर पेटलं असतं.) धुराची घंटा वाजायला लागली, लेक रडत उठला. बाहेर दिव्याच्या उजेडात पांढऱ्या बर्फावर मुंग्या दिसत होत्या. थोडं हलल्या आणि थांबल्या. आतून वाचवल्या त्या बाहेर गारठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी उपवास केला. चार दिवस शेगडी पेटवली नाही. ह्यांनी काही म्हटलं नाही, गुपचूप भट्टीचं तापमान वाढवलं. मला वाटलं, झालं, आता तेलच बरं. त्यात मुंग्या नसतात.

रविवारी सासूबाईंचा फोन आला. त्या व्रती आहेत, स्वाध्यायाला रोज जातात. वाटलं होतं, त्या म्हणतील, बंदच कर ती शेगडी. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "तेल कुठनं येतं गं?"

मी म्हटलं, "जमिनीतून, आई. जहाजातून, टँकरमधून."

"मग त्यात हिंसा न्हाई म्हणतीस? का दिसत न्हाई म्हणतीस?"

मी गप्प.

मग त्यांनी शांतपणे समजावलं. गृहस्थाकडून घडणारी हिंसा चार प्रकारची: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. मारायचं ठरवून मारणं ही संकल्पी, ती श्रावकाने पूर्ण सोडायची. चूल, पाणी, झाडलोट यांत होते ती आरंभी. ती संसारात पूर्ण सुटत नाही. अग्नी पेटवला की अग्निकायिक जीवांचीही विराधना आहेच. "म्हणून काय लेकराला गारठवायचं? न्हाई. पण आरंभी आहे म्हणून डोळे मिटून करायचं, असंबी न्हाई. यत्नाचार कशाला सांगितलाय? मुनीमहाराज कमंडलू उचलतानाबी आधी बघतात, पिच्छीनं पुसतात. तू लाकूड उचलताना बघितलंस का?"

नव्हतं बघितलं.

मग त्यांनी माझ्याकडून एकेक माहिती काढून घेतली. लाकूड कधी आणता, फोडता कुठं, ठेवता कशावर, घरात किती दिवस आधी आणता. मी सांगत गेले आणि सांगतानाच माझं मला कळत गेलं, चूक त्या एका संध्याकाळची नव्हती. वर्षभराची होती.

तेव्हापासून आमच्या घरची रीत अशी आहे. लाकूड हिवाळ्याच्या तोंडावर घ्यायचं नाही. ते आदल्या वसंतातच घ्यायचं, तेही जवळपासचंच. लांबून आणलेल्या लाकडाबरोबर कीड नव्या रानात जाते. ॲशची झाडं पोखरणारा एक हिरवा भुंगा २००२ मध्ये मिशिगनात सापडला आणि २०१८ मध्ये आमच्या व्हरमाँटपर्यंत पोचला. सालीखाली त्याच्या अळ्या असतात, म्हणून ॲश आम्ही घेतच नाही. मेपल आणि बर्च घेतो. लाकूड आणल्यावर लगेच फोडायचं, जमिनीपासून वर फळ्यांवर रचायचं, वरून झाकायचं आणि बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवायच्या. उन्हाळाभर वाळलं की ओल २० टक्क्यांच्या खाली येते. टोचून ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते ठेवलं आहे. ओलीवर जगणारे जीव वाळणाऱ्या लाकडात फारसे टिकत नाहीत. उन्हाळ्यात त्यांना दुसरीकडे जायला रान मोकळं असतं. जानेवारीत नसतं. सगळा फरक तिथंच आहे.

कुजकं, पोकळ, सैल सालीचं लाकूड रचायच्या आधीच बाजूला काढून झाडीच्या कडेला ठेवतो. ते जळण नाहीच, कुणाचं तरी घर आहे. पाणी गाळल्यावर फडक्यावरचे जीव जसे परत त्याच पाण्यात सोडतो, तसंच हे.

रोजचं लाकूड रोज आणायचं. ढिगाशीच आपटायचं, बघायचं, मऊ कुंच्याने झाडायचं, मग आत. घरात उबेला लाकूड पडून राहिलं की झोपलेला जीव जागा होतो, आणि मग तो ना घरात राहू शकतो ना बाहेर.

गंमत म्हणजे इथल्या जाणत्या माणसांचा सल्लाही हाच असतो. त्यांचं कारण वेगळं, घरात किडे नकोत म्हणून. वाळलेलं लाकूड धगधगून जळतं, धूर कमी, धुराड्यात डांबरासारखा थर कमी साठतो, आग लागायची भीती कमी. धुराडं तरीही वर्षातून एकदा साफ करून घेतोच आणि कार्बन मोनॉक्साइडची घंटा झोपायच्या खोलीबाहेर लावली आहे. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरून घराबाहेर ठेवायची, कारण तिच्यात निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो. पूर्ण गार झाली की निसरड्या पायऱ्यांवर टाकायला ती कामाला येते.

शेगडीवर दिवसभर पाण्याचं भांडं असतं. खोलीत हवा कोरडी पडत नाही आणि प्यायला प्रासुक पाणी मिळतं. साडेतीनला त्याच धगीवर मुगाची खिचडी होते. चारच्या आत आमची जेवणं उरकतात.

आणि शेवटची गोष्ट, परिमाणाची. इथं जळण कॉर्डमध्ये मोजतात. एक कॉर्ड म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब रचलेला ढीग, १२८ घनफूट. पहिल्या वर्षी आम्ही तीन कॉर्ड जाळले, कुणी मोजलेच नव्हते. आता हिवाळ्याला दोनच, असा नियम घेतला आहे. गेल्या मार्चमध्ये ते संपले आणि बाहेर अजून बर्फ होतं. वाटलं, शेजारी अर्धा कॉर्ड द्यायला तयार आहे, घ्यावा. पण भट्टी कमीवर ठेवून तिघंही दोन आठवडे एकाच खोलीत झोपलो, लोकरीचे मोजे घालून. तेल जळलंच, हेही सांगते. नियम पाळला म्हणून हात स्वच्छ झाले, असं मी म्हणत नाही. पण तेलाचा काटाही त्याच वर्षी पहिल्यांदा रोज बघितला.

लेक आता पाच वर्षांचा आहे. लाकडं आणायला माझ्याबरोबर येतो. एक लाकूड त्याचं. तीनदा आपटतो, कान लावतो आणि विचारतो, "कोण आहे का आत?" कधी कधी मला घाई असते, बोटं गारठलेली असतात, वाटतं, चल लवकर. पण त्याचं विचारून होईपर्यंत मी थांबते.

त्या संध्याकाळच्या मुंग्या अजून आठवतात. रोजच्या आलोचनेत त्यांची क्षमा मागते.

तर बाई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, घरात लाकडं जाळते. मोजून जाळते आणि बघून जाळते. याहून बरं काही जमलं, तर तेही करीन.

जय जिनेंद्र.