वाऱ्याचा बंदोबस्त

चि. बाळ यास,

तुझे सविस्तर पत्र आणि सोबतची छायाचित्रे पोचली. नोकरी सांभाळून, रात्री जागून, तिकडे ओरेगॉनमध्ये तू स्वतःच्या हातांनी विमान उभे केलेस आणि ते उडतेही आहे, याचा आनंद वर्णन करण्याच्या भरीस पडलो तर ज्या कामासाठी हे पत्र लिहावयास घेतले ते राहून जाईल. म्हणून आधी तुझ्या तिसऱ्या सिलिंडरकडे वळतो. चढाईत त्याच्या हेडचे तापमान ४३० अंश फॅरनहाइटवर जाते, बाकीचे तिघे ३९०च्या आत राहतात, आणि म्हणून काउलिंगची, म्हणजे इंजिनावरील आवरणाची, पुढची तोंडे मोठी करावीत असा सल्ला तुला मिळाला आहे. माझे स्पष्ट मत असे की, बॅफलचा, म्हणजे वाऱ्यास सिलिंडरांवरून वळविणाऱ्या भिंतीचा, पत्रा न् पत्रा तपासून झाल्याशिवाय काउलिंगला करवत लावू नये.

तुझ्या लायकमिंगसारख्या, हवेने थंड होणाऱ्या आणि समोरासमोर सिलिंडर मांडलेल्या इंजिनात वारा पुढून येऊन मागे वाहून जातो अशी सार्वत्रिक समजूत आहे, आणि ती चुकीची आहे. प्रॉपेलरमागच्या दोन तोंडांतून शिरलेला वारा इंजिनाच्या माथ्यावर जवळजवळ थबकतो, त्याच्या वेगाचे दाबात रूपांतर होते, आणि हा वरचा दाब व काउलिंगच्या तळाशी असलेला कमी दाब यांच्या तफावतीनेच तो सिलिंडरांवरच्या पातळ फिनांमधून खाली उतरतो. समुद्रसपाटीवर १२० नॉट वेगाने जाणाऱ्या विमानास मिळणारा सगळा गतिजन्य दाब पाण्याच्या सुमारे साडेनऊ इंच उंचीच्या स्तंभाएवढा. चढाईत वेग ८० नॉटांवर आला की, दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे, तो सव्वाचार इंचांच्या आसपास येतो, आणि नेमक्या त्याच वेळी इंजिन पूर्ण शक्तीने तापत असते. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर ज्याला कारभार करावयाचा आहे त्याने एका बोटाएवढ्या फटीचाही हिशेब ठेवला पाहिजे. आपल्याकडे कालव्याच्या चाऱ्यांना भगदाडे पडली की धरण भरलेले असूनही शेवटच्या शेतकऱ्याच्या वाट्याला चिखल येतो. त्यावर धरणाची भिंत उंचावणे हा इलाज नव्हे.

वाऱ्यास मोकळे सोडण्यापेक्षा त्याला शिस्त लावण्यात लाभ आहे, हे १९२८ मध्ये अमेरिकेतील लँग्ली येथे फ्रेड वाइक व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. कर्टिस एटी-५ए विमानाच्या ताराकृती इंजिनावर त्यांनी आखलेले काउलिंग बसविताच त्याचा वेग ताशी ११८ मैलांवरून १३७ मैलांवर गेला, आणि इंजिन झाकले असूनही थंड राहिले. आमच्या हँगरातील पुष्पक विमाने अर्थातच असल्या पराक्रमाची नव्हती; डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या देखरेखीखाली बंगळूरला सिद्ध झालेले आणि १९५८ साली प्रथम उडालेले ते दोन आसनी विमान ९० अश्वशक्तीच्या काँटिनेंटल इंजिनावर उडे. परंतु वैशाखातल्या दुपारी, धावपट्टी भाजत असताना, ते इंजिन सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी ज्यांच्या शिरावर होती त्या आम्हा मंडळींना, बॅफल म्हणजे इंजिनावर चढविलेला अलंकार नसून इंजिनाचाच अवयव आहे, हे वेगळे शिकवावे लागले नाही.

आता तुझ्या तपासाचा क्रम सांगतो. पत्र्याच्या माथ्यावरची सिलिकोन रबराची पट्टी सर्वत्र आतल्या बाजूस वळलेली हवी, म्हणजे वरचा दाबच तिला काउलिंगवर घट्ट दाबून धरतो. तीच बाहेर वळली तर तोच दाब तिला उघडतो. काही उड्डाणांनंतर वरच्या काउलिंगच्या आतल्या अंगास या पट्टीच्या घर्षणाची रेघ उमटते. ती जिथे तुटली तिथे वारा निसटतो असे खुशाल समज. मग रात्री हँगर अंधारा करून, काउलिंग बसवून, तळाकडून एक दिवा आत सोड आणि पुढच्या तोंडांतून पाहा: फिनांच्या फटींखेरीज जिथे उजेड दिसेल ती प्रत्येक जागा उष्णता सोसणाऱ्या सिलिकोनने बुजवावयाची. सिलिंडरांच्या पोटाखालचे पत्रे तर कोणी पाहातच नाही. वस्तुतः वाऱ्यास फिनांच्या मुळाशी शेवटपर्यंत धरून ठेवण्याचे काम तेच करतात, तेव्हा ते घट्ट ओढलेले आहेत याची खात्री कर.

तिसऱ्या सिलिंडरची गोष्ट मात्र उलटी असण्याचा संभव आहे, आणि छायाचित्रे पाहून मला तोच संशय येतो. या इंजिनाच्या प्रत्येक हेडच्या एका अंगाचे फिन आखूड असतात. उजव्या रांगेत ते अंग मागे येते, डाव्या रांगेत पुढे. म्हणून तिसऱ्याच्या पाठीशी आणि दुसऱ्याच्या तोंडाशी पत्रा अगदी चिकटून बसला की वाऱ्यास खाली उतरण्यास मार्गच उरत नाही. तिथे एक वॉशर घालून पत्रा किंचित दूर ठेव, अथवा त्यास उथळ फुगवटा दे. फिनांच्या मध्ये ओतकामाचा पापुद्रा राहिला असल्यास तोही बारीक कानशीने, धातूस खाच न पाडता, काढून टाक.

तापमानाच्या मर्यादेविषयी म्हणशील तर, लायकमिंगचा कारखाना हेडला ५०० अंशांची कमाल मर्यादा सांगतो, पण दीर्घायुष्यासाठी जोराच्या प्रवासात ४३५ व काटकसरीच्या प्रवासात ४०० अंशांच्या आत राहावे असेही तोच सांगतो. कारण हेडच्या ॲल्युमिनियमची ताकद उष्णतेबरोबर ढासळत जाते.

फायरवॉलपुढची, म्हणजे इंजिनाच्या खणातली, तुझी मांडणी पाहून मात्र समाधान वाटले. नळ्यांवर अग्निरोधक वेष्टन आहे, तारा एक्झॉस्टपासून दूर आणि रबरी अस्तराच्या क्लॅम्पांत बांधलेल्या आहेत. असली टापटीप काहींना हौस वाटते. पण जिथे प्रत्येक नळीस मुक्रर जागा आहे तिथेच ओघळलेला तेलाचा थेंब किंवा घासून उघडी पडलेली तार तपासनिसाच्या दृष्टीस पडते. एकच तक्रार: ऑइल कूलरपाशी बॅफलची कड इंजिन-माउंटच्या नळीस टेकलेली दिसते. कंपनाने तो पातळ पत्रा पोलादही झिजवितो. ती कड आजच कापून मागे घे.

एका वेळी एकच बदल कर, आणि प्रत्येक बदलानंतर चढाईतले चारही हेडांचे आकडे, बाहेरचे तापमान, उंची व वेग यांसह लिहून पाठव. बाहेरच्या तापमानावाचून नुसते आकडे माझ्या उपयोगाचे नाहीत. सूनबाईस आशीर्वाद.

तुझा,
मामा